‘टेन्शन’ नेमके कशाचे? महाविद्यालयात नव्याने आलेल्यांसाठी चिंताविकारांची ओळख

तोंडी परीक्षेच्या आदल्या रात्री डोळ्याला डोळा न लागणे, गच्च भरलेल्या एसटीत जीव गुदमरल्यासारखा होणे, हजेरीला नुसते ‘हजर’ म्हणतानाही आवाज कापणे, आणि सगळे ठीक चाललेले असतानाही काहीतरी वाईट घडणार असे दिवसभर वाटत राहणे, या चारही तक्रारींना सोलापुरातले विद्यार्थी एकाच शब्दात बसवतात: टेन्शन. शब्द एकच असल्याने मिळणारा सल्लाही एकच असतो, की टेन्शन घेऊ नकोस. पण या चार तक्रारी चार वेगळ्या चिंताविकारांच्या खुणा असू शकतात किंवा त्यांतली एखादी मुळात विकार नसूही शकते. प्रत्येकीवरचा उपाय वेगळा आहे, आणि एकीला उपयोगी पडणारा उपाय दुसरीला अपायही करू शकतो. म्हणून यंदा प्रथमच महाविद्यालयात आलेल्या विद्यार्थ्यांनी, त्यांच्या खोलीत राहणाऱ्या मित्रमैत्रिणींनी आणि घरच्यांनी हा लेख पायरीपायरीने वाचावा. निदान करण्याचे काम डॉक्टरांचे आहे. त्यांच्यापर्यंत नेमकी तक्रार घेऊन कसे पोहोचावे, एवढेच येथे सांगायचे आहे.

पहिली पायरी: साधी काळजी कोठे संपते ते पाहा

परीक्षेपूर्वी छाती धडधडणे, भूक मंदावणे, हातांना घाम येणे हा आजार नाही. संकट समोर दिसले की शरीर अ‍ॅड्रेनलिन सोडते, हृदय जलद चालते, स्नायू ताठ होतात आणि लक्ष एकवटते. ही यंत्रणा आपल्या उपयोगाची आहे. तिला विकार म्हणण्यापूर्वी स्वतःला तीन गोष्टी विचाराव्यात. कारण टळल्यावर भीती ओसरते का? भीतीचा आकार प्रसंगाच्या मानाने फार मोठा आहे का? आणि तिच्यामुळे तुमचे काही बंद पडले आहे का, म्हणजे तास बुडू लागले, प्रात्यक्षिक टाळले, जेवायला मेसमध्ये जाणे सोडले, असे काही घडते आहे का? माझ्या मते तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण मनातली भीती मोजता येत नाही, पण बुडालेले तास मोजता येतात.

‘परीक्षेची भीती’ नावाचे स्वतंत्र निदान वैद्यकीय वर्गीकरणात नाही. ती बहुतेकांत साधी काळजी असते आणि काहींत पुढे सांगितलेल्या एखाद्या विकाराचे परीक्षेपुरते दिसणारे रूप असते.

दुसरी पायरी: शरीराची बाजू तपासून घ्या

ही पायरी अनेक जण ओलांडून पुढे जातात, आणि सोलापुरात तर ती मुळीच ओलांडू नये. एप्रिल-मे महिन्यांत येथील पारा ४० अंशांच्या वर जातो, आणि साधारण याच सुमारास परीक्षांची धांदल असते. दुपारच्या उन्हातून पायी येऊन पुरेसे पाणी न पिता परीक्षागृहात बसलेल्या मुलाचे हृदय जलद चालणार, त्याला चक्कर येणार, आणि या दोन्ही गोष्टी त्याला भीतीच्याच वाटणार. रात्रभर जागून घेतलेले पाच-सहा कप चहा किंवा कॉफी, ऊर्जापेये, तसेच तंबाखू, मावा आणि सिगारेट यांतील निकोटिन यांमुळेही धडधड व हातांची थरथर वाढते. दम्यासाठी वापरल्या जाणाऱ्या काही पंपांनीही काही वेळ धडधड होते. थायरॉइड ग्रंथी अधिक काम करू लागली तर वजन घटणे, घाम, कंप आणि अस्वस्थता अशी लक्षणे दिसतात व ती हुबेहूब चिंताविकारासारखी वाटतात. आणि रक्तक्षय असलेल्या मुलींना जिना चढतानाच धाप लागते. त्यामुळे आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊन रक्तदाब, नाडी, हिमोग्लोबिन आणि त्यांना आवश्यक वाटल्यास थायरॉइडची तपासणी व ईसीजी करून घ्यावा. छातीत दुखण्याचा प्रसंग आयुष्यात पहिल्यांदाच आला असेल, तर ‘घाबरला असेल’ असे आपणच ठरवून घरी बसू नये.

तपासण्या ठीक आल्या की पुष्कळदा ‘तुला काहीच झालेले नाही’ असे सांगून विषय संपवला जातो. अशक्तपणा आहे म्हणून एखादे सलाईन लावले जाते, दोन दिवस बरे वाटते आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच सुरू होते. तपासणी ठीक येणे याचा अर्थ हृदय व ग्रंथी ठीक आहेत एवढाच आहे. त्रास खरा आहे आणि तो कशाचा आहे हे अजून शोधायचे आहे.

तिसरी पायरी: भीतीचा विषय ओळखा

चिंताविकारांचे प्रकार मुख्यतः एका प्रश्नावरून वेगळे होतात: भीती कशाची आहे?

सर्वसाधारण चिंताविकारात भीतीला एक विषय नसतो. निकाल, शुल्क, आईची तब्येत, नोकरी मिळेल की नाही, अशा अनेक गोष्टींची काळजी किमान सहा महिने, बहुतेक दिवशी मनात चालू राहते आणि थांबवू म्हटले तरी थांबत नाही. तिच्या जोडीला अस्वस्थता, लवकर येणारा थकवा, एकाग्रता न होणे, चिडचिड, मानेचे व खांद्यांचे स्नायू आखडणे आणि झोप नीट न लागणे यांपैकी काही लक्षणे असतात. येथे एक फरक जपून करावा लागतो. ज्या घरात वडील यंत्रमागावर काम करतात आणि आई विड्या वळते, त्या घरातील मुलीला पुढच्या सत्राच्या शुल्काची काळजी वाटत असेल तर तिला आजारी ठरवणे हा अन्याय होईल. तिची अडचण खरी आहे आणि तिला आधी महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावरील शिष्यवृत्तीचा अर्ज भरून देणारे कोणी हवे आहे. शुल्क भरले गेल्यावर जर मन हलके झाले, तर ती परिस्थितीची काळजी होती. शुल्क भरले त्याच संध्याकाळी मनाने दुसरा विषय धरला, तो सुटल्यावर तिसरा धरला, आणि हे महिनोन्‌महिने असेच चालले, तर मात्र डॉक्टरांना भेटावे. परिस्थिती खडतर असणे आणि विकारही असणे, हे दोन्ही एकाच वेळी असू शकते, हेही लक्षात ठेवावे.

पॅनिक विकारात भीती एकाएकी येते. काही मिनिटांतच ती टोकाला पोहोचते: छाती भरून येते, श्वास अपुरा पडतो, हातापायांना मुंग्या येतात, घाम फुटतो, आजूबाजूचे सगळे खोटे वाटते, आणि आता आपण मरणार किंवा वेडे होणार अशी खात्री वाटते. घाबरून जोरजोरात श्वास घेतल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो व त्यामुळेच मुंग्या आणि चक्कर येतात. त्या लक्षणांनी माणूस आणखी घाबरतो आणि श्वास आणखी वाढतो. म्हणून अशा वेळी ‘मोठा श्वास घे’ असे सांगू नये. श्वास सावकाश घ्यावा आणि घेतला त्याहून अधिक वेळ लावून सोडावा. आत घेताना मनात चारपर्यंत व सोडताना सहापर्यंत मोजले तरी पुरते. तोंडाला कागदी पिशवी लावण्याचा जुना उपाय करू नये, कारण दम्याच्या किंवा हृदयाच्या रुग्णाला तो घातक ठरू शकतो. असा एखादा झटका येऊन गेला म्हणजे विकार जडला असे नाही. काहीही कारण नसताना झटके पुन्हा येऊ लागले, आणि त्यानंतर महिनाभर किंवा अधिक काळ ‘पुन्हा येईल का’ याच धास्तीने वागणे बदलले, तर त्याला पॅनिक विकार म्हणतात.

या धास्तीतूनच अनेकदा पुढचा प्रकार जन्माला येतो. अक्कलकोट किंवा मोहोळकडून रोज एसटीने येणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला समजा गर्दीच्या गाडीत झटका आला. दुसऱ्या दिवशी तो गाडी सोडून देतो, मग मित्राच्या दुचाकीवरच येऊ लागतो, मित्र येणार नसेल त्या दिवशी घरी राहतो, आणि जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या गड्ड्यावर लहानपणापासून जाणारा हा मुलगा यंदा डोके दुखते असे सांगून घरी थांबतो. बस किंवा रेल्वे, मोकळे मैदान, बंद सभागृह, रांग वा गर्दी, आणि एकट्याने घराबाहेर पडणे यांपैकी किमान दोन प्रसंगांची अशी भीती, की येथे काही झाले तर सुटता येणार नाही आणि मदतही मिळणार नाही, याला अ‍ॅगोराफोबिया म्हणतात. घरच्यांना हा आळस किंवा अभ्यासाचा कंटाळा वाटतो. मुलगा स्वतःही खरे कारण सांगत नाही, कारण बसला घाबरतो असे म्हणण्याची त्याला लाज वाटते.

सामाजिक चिंताविकारात भीती लोकांच्या नजरेची असते. आपण बोललो तर चुकू, लाल होऊ, आवाज कापेल आणि सगळे हसतील, या भीतीने विद्यार्थी सेमिनार टाळतो, शंका विचारत नाही, कँटीनमध्ये चारचौघांत खात नाही. हा विकार बहुधा किशोरवयातच सुरू होतो. शाळेत तो ‘शांत मुलगा’ या कौतुकाखाली झाकला जातो आणि महाविद्यालयात पहिल्याच तोंडी परीक्षेत उघडा पडतो. सोलापुरात त्याला भाषेची गुंतागुंत जोडली जाते. शहराच्या पूर्व भागातील अनेक घरांत तेलुगू बोलली जाते, अक्कलकोट व दक्षिण सोलापूरकडून येणाऱ्या अनेकांच्या घरी कानडी असते, शाळा मराठीतून झालेली असते, आणि अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र किंवा वैद्यकीय अभ्यासक्रमाच्या पहिल्याच आठवड्यात अचानक सगळे इंग्रजीतून समोर येते. अशा विद्यार्थ्याने वर्गात मौन धरले तर ते भाषेमुळे की भीतीमुळे, हे ठरवण्यासाठी एक साधी कसोटी लावता येते. तोच विषय आपल्या बोलीत, ओळखीच्या चार मुलांपुढे मांडायला सांगावे. तो मोकळेपणाने बोलला, तर त्याला इंग्रजीचा सराव हवा आहे आणि काही महिन्यांत तो सरावेल. आपल्या बोलीतही त्याची जीभ टाळूला चिकटली, बोलण्याच्या चार दिवस आधीपासून जेवण गोड लागेना, आणि बोलून झाल्यावर आपण काय चुकलो याची उजळणी तो रात्रभर करत राहिला, तर अडचण भाषेच्या पलीकडची आहे. इंग्रजी संभाषणाच्या वर्गाचे पैसे भरण्याआधी हा फरक करून घेतला तर वर्ष वाया जात नाही.

विशिष्ट भयगंडांत भीतीचा विषय एकच आणि ठरलेला असतो: उंची, कुत्रा, लिफ्ट, विजेचा कडकडाट. बहुतेकांचे त्यावाचून फारसे अडत नाही. परंतु रक्त आणि सुई यांच्या भयगंडाकडे परिचर्या व वैद्यकीय शाखेच्या नव्या विद्यार्थ्यांनी आवर्जून लक्ष द्यावे. इतर सर्व भीतींत रक्तदाब वाढतो, येथे तो क्षणभर वाढून एकदम खाली येतो आणि विद्यार्थी खरोखर बेशुद्ध पडतो. म्हणून ‘अंग सैल सोड, शांत हो’ हा एरवीचा सल्ला येथे नेमका उलटा पडतो. हात, पाय आणि पोट यांचे स्नायू १० ते १५ सेकंद, चेहरा गरम वाटेपर्यंत, घट्ट आवळावेत, मग २०-३० सेकंद पूर्ववत येऊ द्यावेत, आणि असे पाच वेळा करावे. त्यामुळे रक्तदाब टिकून राहतो. आठवडाभर खोलीत सराव करून मग वॉर्डात जावे.

वसतिगृहात आलेल्यांना पहिले काही आठवडे घरची आठवण येते, रडू येते, आणि ते बहुधा आपोआप निवळते. आई-वडिलांना काही होईल या भीतीने दिवसातून वीस वेळा फोन करणे, रात्री एकटे झोपता न येणे आणि दर दोन दिवसांनी गावी पळणे हे सहा महिने उलटले तरी चालूच असेल, तर विरहचिंतेचा विकार तरुण वयातही असू शकतो हे ध्यानात घ्यावे. वारंवार हात धुणे किंवा कुलूप पुन्हा पुन्हा तपासणे हा मंत्रचळ, आणि अपघात वा अत्याचारानंतर तोच प्रसंग डोळ्यांपुढे येत राहणे, यांना पूर्वी चिंताविकारांतच धरत. अमेरिकेतील २०१३ च्या वर्गीकरणाने त्यांना स्वतंत्र गटांत ठेवले आहे. त्यांचे उपचारही वेगळे आहेत, म्हणून डॉक्टरांना ही लक्षणे न लाजता सांगावीत.

चौथी पायरी: टाळाटाळीची वही ठेवा

वरील सर्व प्रकारांत एक गोष्ट समान आहे. भीतीची गोष्ट टाळली की लगेच सुटल्यासारखे वाटते, त्या सुटकेमुळे मन शिकते की टाळले म्हणूनच वाचलो, आणि पुढच्या वेळी भीती दुप्पट होऊन येते. विकाराला खतपाणी घालणारी हीच टाळाटाळ आहे, आणि उपचारही शेवटी तिच्यावरच होतो. म्हणून दोन आठवडे एक लहान वही ठेवावी आणि रोज रात्री चार ओळी लिहाव्यात: आज काय टाळले, ते करताना काय होईल असे वाटले, शरीरात काय झाले, आणि किती वेळाने ते ओसरले. मनात नेमके काय आले ते आपल्या घरच्या भाषेतच लिहावे. तेलुगूत किंवा कानडीत विचार करणाऱ्याने डॉक्टरांसाठी मराठी शब्द शोधत बसू नये.

याच्या जोडीला चिंतेची तीव्रता मोजणारी जीएडी-७ ही प्रश्नावली भरता येईल. २००६ साली तयार झालेल्या या प्रश्नावलीत गेल्या दोन आठवड्यांविषयी सात प्रश्न असतात, प्रत्येकाला ० ते ३ गुण देतात आणि बेरीज २१ पर्यंत जाते. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम आणि १५ पासून तीव्र चिंता समजतात. १० किंवा अधिक गुण आले तर तज्ज्ञांना भेटावे. ही चाळणी आहे, निदान नव्हे, आणि सामाजिक भीती किंवा एखादा भयगंड असलेल्याचे गुण तिच्यात कमीही येऊ शकतात. त्यामुळे वही आणि बेरीज यांत विसंगती दिसली तर मी वहीवर अधिक विश्वास ठेवीन.

पाचवी पायरी: योग्य व्यक्तीपर्यंत पोहोचा

सुरुवात महाविद्यालयातल्या समुपदेशकांपासून किंवा आपल्याशी आपुलकीने वागणाऱ्या एखाद्या सर-मॅडमपासून करावी. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत पात्र समुपदेशक असणे अपेक्षित आहे, म्हणून ‘आपल्याकडे समुपदेशक कोण आहेत’ असे कार्यालयात विचारण्यात संकोच बाळगू नये. सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले सर्वोपचार रुग्णालय, ज्याला आपण सारे ‘सिव्हिल’ म्हणतो, तेथे बाह्यरुग्ण विभागात केसपेपर काढून मनोविकारांच्या विभागात दाखवता येते. गर्दी असते, तेव्हा सकाळी लवकर जावे, सोबत एका माणसाला न्यावे आणि वही बरोबर ठेवावी. टेलि-मानस ही केंद्र सरकारची दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली असून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीसह अनेक भारतीय भाषांत विनामूल्य बोलता येते. वसतिगृहात रात्री दोन वाजता त्रास झाला तर हा क्रमांक उपयोगी पडतो, म्हणून तो आजच फोनमध्ये साठवावा.

कोण काय करते हेही माहीत असावे. मानसोपचारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर असतात आणि औषधे तेच लिहून देतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ बोलण्याच्या पद्धतशीर उपचारांचे काम करतात व त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. ती विचारून घेण्यात काही वावगे नाही. ‘कागदावर वेड्याचा शिक्का बसेल’ ही भीती अनेकांना दारातूनच परत फिरवते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. जीवाला धोका असण्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर १८ वर्षे पूर्ण झालेल्या विद्यार्थ्याची माहिती त्याच्या संमतीशिवाय महाविद्यालयाला देता येत नाही.

घरी सांगणे हा याहून कठीण भाग आहे. घरचे अंगारा लावतील, दृष्ट काढतील, नवस बोलतील. त्यावरून भांडण करू नये. ती त्यांची माया आहे. ‘तुमचे तुम्ही करा, पण मला डॉक्टरांकडेही न्या’ एवढे शांतपणे म्हणावे, आणि स्वतःला सांगता येत नसेल तर मामा, आत्या किंवा थोरली बहीण यांपैकी ज्यांचे घरात ऐकले जाते त्यांना मध्ये घालावे.

सहावी पायरी: उपचारांत काय होईल ते आधीच समजून घ्या

बोधात्मक वर्तनोपचार हा चिंताविकारांवरचा सर्वांत भक्कम पुरावा असलेला बोलण्याचा उपचार आहे. साधारण १२ ते २० बैठकांत भीतीचे विचार तपासले जातात आणि टाळलेल्या गोष्टींना टप्प्याटप्प्याने सामोरे जाण्याचा सराव होतो. वर सांगितलेल्या एसटीच्या विद्यार्थ्यासाठी अशी शिडी कशी असेल ते पाहा: प्रथम मित्रासोबत बसस्थानकावर पंधरा मिनिटे उभे राहणे, मग थांबलेल्या गाडीत बसून उतरणे, मग मित्रासोबत एक-दोन थांबे जाणे, मग तेवढेच अंतर एकट्याने, आणि मग दुपारच्या रिकाम्या गाडीने पूर्ण प्रवास, सकाळची गर्दीची गाडी सर्वांत शेवटी. प्रत्येक पायरीवर भीती वाढेल, टोकाला जाईल, आणि न पळता थांबल्यास उतरेल. ती उतरण्याआधी पळू नये, हाच या उपचाराचा गाभा आहे. चिडलेल्या वडिलांनी पहिल्याच दिवशी मुलाला गर्दीच्या गाडीत कोंबणे म्हणजे उपचार नव्हे, त्याने भीती अधिक खोल रुजते.

औषधे लागतीलच असे नाही. लागली तर बहुधा सर्ट्रालिन किंवा एसिटालोप्राम यांसारखी देतात. त्यांचा गुण येण्यास दोन ते सहा आठवडे लागतात, पहिल्या काही दिवसांत मळमळ व अस्वस्थता उलट वाढू शकते, आणि येथेच पुष्कळ जण ‘गोळीने जास्तच झाले’ म्हणून ती सोडून देतात. सोडण्याआधी डॉक्टरांना फोन करावा. पंचविशीच्या आतील रुग्णांत सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार येत नाहीत ना, यावर घरच्यांनी व खोलीतल्या मित्रांनी लक्ष ठेवावे; तसे बोलणे कानावर आले तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नये आणि लगेच सिव्हिलचा अपघात विभाग, १४४१६ किंवा ११२ हा आपत्कालीन क्रमांक गाठावा. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांनी अर्ध्या तासात बरे वाटते, आणि म्हणूनच त्यांची सवय लागते. त्या केवळ डॉक्टरांनी सांगितल्या तेवढ्याच दिवस घ्याव्यात, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री मित्राने दिलेली गोळी तर कधीच घेऊ नये.

बरे वाटू लागल्यावरही डॉक्टर सहसा सहा महिने ते वर्षभर औषध चालू ठेवतात आणि मग हळूहळू कमी करतात. ते एकदम थांबवल्यास चक्कर, चिडचिड व झोपमोड होऊ शकते. म्हणून दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी जाताना पुरेशा गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत न्यावी, आणि मात्रा कमी करण्याचा विषय काढायचा असेल तर तो सत्र परीक्षा संपल्यानंतरच्या भेटीत, वहीची शेवटची काही पाने डॉक्टरांपुढे ठेवून काढावा.